हप्ता शेवटी विचारा: कोल्हापूरच्या उपनगरांत राहणाऱ्यांसाठी परवडणारा वैयक्तिक आरोग्य विमा

पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, शिरोली या भागात नवीन फ्लॅट घेतलेल्या कुणीही आरोग्य विम्याची चौकशी सुरू केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वर्षाला किती भरायचे?" एक एजंट आकडा सांगतो, दुसरा त्याहून कमी सांगतो, आणि कमी सांगणाऱ्याकडे पॉलिसी निघते. कागद कपाटात जातो. मग कधीतरी डिस्चार्जच्या काउंटरवर कळतं की बिलातले पन्नास हजार आपल्यालाच भरायचे आहेत.

परवडणारी पॉलिसी म्हणजे हप्ता आणि आजारपणात खिशातून जाणारी रक्कम या दोन्हींची बेरीज परवडणारी पॉलिसी. म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी हातात काय आहे ते बघायचं, मग दवाखाने, मग आजारांचे कागद, मग विम्याची रक्कम आणि कलमं. हप्ता सगळ्यांत शेवटी.

टप्पा १: आधीच हातात काय आहे ते तपासा

घरात बसून आधी हे काम उरका. अनेकांकडे एखादं संरक्षण असतं पण माहीत नसतं. उलट काहींना वाटतं आपला आरोग्य विमा आहे, आणि प्रत्यक्षात तो नसतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत नोकरी असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर बहुतेक ठिकाणी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असते. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रकावर कपात दिसते का पाहा आणि घरच्यांची नावं जोडली आहेत का तेही बघा. पगारवाढ होऊन तुम्ही मर्यादेच्या वर गेलात, तर किमान चालू अंशदान कालावधी, म्हणजे कपातीची सहामाही, संपेपर्यंत ही सोय राहते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. नवीन पॉलिसीची प्रतीक्षा, म्हणजे काही आजारांना पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते. त्यामुळे ईएसआय बंद झाल्यावर धावाधाव करू नका, पगारवाढीचं पत्र हातात पडल्याबरोबर सुरुवात करा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता महाराष्ट्रातल्या सर्व रंगांच्या रेशनकार्डधारकांना, म्हणजे पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र योजनेच्या यादीत असलेलेच उपचार, आणि तेही योजनेत असलेल्याच रुग्णालयांत. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कोणत्याही खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर चौकशी करा, नाहीतर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. घरात ७० च्या पुढचं कुणी असेल तर त्यांचं मोफत उपचारांसाठीचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

नवीन उपनगरात एक अडचण हमखास येते. रेशनकार्ड जुन्या गावच्या पत्त्यावर, सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर आणि आधारवर तिसराच पत्ता. हे आधी सारखं करून घ्या, कारण पुढे विमा कंपनीलाही हेच कागद लागणार आहेत.

> सावध: बँक खात्यातून दरवर्षी कापले जाणारे २० रुपये हे पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे आहेत. तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा विमा आहे. ४३६ रुपये कापले जातात तो जीवन विमा. या दोन्हींतून दवाखान्याचं बिल मिळत नाही. पतसंस्थेनं कर्जासोबत दिलेली पॉलिसीही बहुतेक वेळा कर्ज किंवा अपघातापुरती असते. प्रमाणपत्र काढून वाचा.

कंपनीची किंवा संस्थेची ग्रुप पॉलिसी असेल तर तिची रक्कम, त्यात कोण कोण आहे आणि नोकरी सुटल्यावर तिचं काय होतं, हे एका कागदावर लिहून ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची आणि झालेली प्रतीक्षा मोजून घेण्याची सोय असते. ती फार थोडे लोक वापरतात.

टप्पा २: दवाखान्यांची यादी करा

कंपनी निवडायच्या आधी हे करा, नंतर नाही. कागदाचे तीन भाग पाडा.

पहिल्या भागात घरापासून पंधरा-वीस मिनिटांत रात्री-अपरात्री गाठता येणारे दवाखाने. दुसऱ्या भागात शहरातली मोठी रुग्णालयं, जिथे हृदय, मेंदू किंवा हाडांची मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते. तिसऱ्या भागात कोल्हापूरबाहेरची. इथले रुग्ण मिरज, बेळगाव, पुणे, कधी मुंबईलाही जातात. तुमच्या घरात आजवर अवघड दुखण्याला कुठे जात आले, तेच नाव तिथे लिहा.

आता प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्क रुग्णालयांची, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांची, यादी उघडा आणि नावं जुळवा. तिथे थांबू नका. त्या रुग्णालयाच्या विमा काउंटरवर जाऊन विचारा, "या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का?" कॅशलेस म्हणजे बिल कंपनीनं थेट रुग्णालयाला देणं. करार संपतात, दरावरून वाद होतात आणि यादीत नाव तसंच राहतं. काउंटरवरची मंडळी रोज हेच करतात, त्यांना नेमकं ठाऊक असतं. कोणत्या कंपनीची मंजुरी वेळेत येते, हेही तिथेच कळेल.

शिरोली, नागाव, हातकणंगले बाजूला राहणाऱ्यांसाठी खास सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहराकडे येणारा रस्ता बंद झाला. पंचगंगेच्या पलीकडे राहत असाल तर तुमच्या काठावरचं, म्हणजे इचलकरंजी-हातकणंगले बाजूचं, किमान एक रुग्णालय नेटवर्कमध्ये हवंच. जुलै-ऑगस्टमध्ये आजारपण रस्ता उघडायची वाट बघत नाही.

उपनगरांत नवी छोटी रुग्णालयंही भराभर उघडत आहेत. पॉलिसीत 'रुग्णालय' कशाला म्हणायचं याची व्याख्या असते. नोंदणी असावी, किंवा ठरलेल्या किमान खाटा आणि चोवीस तास परिचारिका-डॉक्टर असावेत. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावाला ही अट किमान १० खाटांची आहे. घराजवळच्या चार खाटांच्या दवाखान्यात नोंदणी न बघता ॲडमिट झालात तर पुढे क्लेम अडू शकतो. नोंदणी प्रमाणपत्र बहुधा स्वागतकक्षातच लावलेलं असतं.

> तपासा: कंपनीच्या संकेतस्थळावर वगळलेल्या रुग्णालयांचीही यादी असते. तुमच्या कागदावरचं एखादं नाव त्यात नाही ना, हे बघा.

नेटवर्कबाहेरही कॅशलेस देण्याची पद्धत २०२४ पासून सुरू झाली आहे, पण त्याला आधी कळवण्याच्या अटी आहेत आणि मंजुरी दर वेळी वेगळी घ्यावी लागते. तिच्या भरवशावर कंपनी निवडू नका.

टप्पा ३: स्वतःच्या आजारांचे कागद गोळा करा

सगळ्यांत जास्त क्लेम इथे अडकतात, म्हणून हा टप्पा घाईनं उरकू नका. गेल्या चार-पाच वर्षांतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड तारखेनुसार लावा. नियमित चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहा. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, मुतखडा, पाठीचं दुखणं, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखू, मिश्री, सगळं लिहा.

एजंट म्हणतो, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल, नाहीतर पॉलिसीच मिळणार नाही." त्याचं कमिशन त्या दिवशी ठरतं. तुमचा क्लेम तीन वर्षांनी येतो, तेव्हा तो समोर नसतो. आणि हे लपत नाही. रात्री छातीत दुखतं म्हणून कॅज्युअल्टीत नेल्यावर डॉक्टर विचारतात, "शुगर कधीपासून आहे?" आपण घाबरलेलो असतो. बरोबर आलेला भाऊ सांगून टाकतो, "झाली की आठ-दहा वर्षं." केसपेपरवर लगेच ओळ पडते: मधुमेह, दहा वर्षांपासून. पॉलिसी तीन वर्षांची आणि फॉर्मवर 'काही आजार नाही' अशी खूण. कंपनी क्लेमच्या वेळी हाच केसपेपर मागवते.

खरं लिहिलंत तर काय होतं? आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा लागते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे. ती संपली की तो आजार कव्हरमध्ये येतो. काही वेळा हप्त्यात थोडी वाढ होते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर 'माहिती लपवली' म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर लपवणं म्हणजे पाच वर्षं विमा नसल्यासारखंच.

टप्पा ४: किती लाखांचा विमा

टप्पा २ च्या कागदावर दुसऱ्या भागात लिहिलेल्या रुग्णालयातच विचारा: अँजिओप्लास्टीला, गुडघा बदलायला, आठ दिवस आयसीयूला साधारण किती लागतात? तो आकडा तुमच्या विम्याच्या रकमेचा पाया. पुण्या-मुंबईला जायची शक्यता असेल तर वर आणखी धरा.

एकट्या, निरोगी, तरुण माणसासाठी माझं मत स्पष्ट आहे. ५ लाखांची साधी मूळ पॉलिसी घ्या आणि त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल देणारी जोड पॉलिसी, घ्या. एकच मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. नाव मात्र नीट वाचा, 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' एक नव्हेत. समजा वजावट, म्हणजे आधी तुम्ही किंवा मूळ पॉलिसीनं भरायची रक्कम, ५ लाखांची आहे आणि वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, दोन्ही वेळा बिल ३ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज ६ लाख धरतो आणि वरचा १ लाख देतो.

आई-वडील आणि मुलं एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबात एकच रक्कम वाटून घेणाऱ्या पॉलिसीत, टाकू नका. फ्लोटरचा हप्ता बहुधा सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. साठीतल्या वडिलांची पॉलिसी वेगळी काढा. त्यांचं दुखणं आणि तुमची विम्याची रक्कम एकमेकांच्या वाट्याला येत नाहीत, हा फायदा वेगळाच.

टप्पा ५: कलमं वाचा

प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं. त्यात मर्यादा आणि वगळलेल्या गोष्टी थोडक्यात असतात. तुम्ही मागितलंत तर कंपनीनं ते स्थानिक भाषेत द्यायचं असतं, म्हणजे मराठीतही. मागा. एजंट देत नसेल तर कंपनीला थेट मेल करा.

_खोलीभाड्याची मर्यादा._ स्वस्त पॉलिसीत पैसा मुख्यतः इथे जातो. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. बिल आलं: खोली २४,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ८०,०००, औषधं आणि तपासण्या ४६,०००. एकूण १,५०,०००. खोली दुप्पट घेतली म्हणून कंपनी खोलीचे निम्मे, १२,००० देते आणि डॉक्टर-थिएटरचेही निम्मेच, ४०,००० देते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ४६,००० पूर्ण मिळतात. हातात ९८,०००, खिशातून ५२,०००. आणि पॉलिसीत दोन लाख रुपये न वापरता पडून. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली किंवा 'सिंगल प्रायव्हेट रूम' देणारी पॉलिसी शोधा. ती परवडत नसेल तर ॲडमिट होताना काउंटरवर आपली मर्यादा सांगून त्यातलीच खोली मागा.

_को-पेमेंट._ प्रत्येक क्लेमचा ठरावीक टक्का तुम्ही भरायचा. एजंट याला 'हप्ता कमी करायची सोय' म्हणतो. २० टक्के को-पेमेंट असेल तर ५ लाखांच्या बिलात तुमचे १ लाख गेले.

_झोन._ बऱ्याच कंपन्या राहत्या पत्त्याच्या पिनकोडवरून हप्ता ठरवतात. मुंबई-पुण्यापेक्षा कोल्हापूरचा हप्ता कमी लागतो तो त्यामुळेच. पण काही पॉलिसींत स्वस्त झोनमधल्या माणसानं महाग झोनमध्ये उपचार घेतले की को-पेमेंट लागतं. तुमच्या कागदाच्या तिसऱ्या भागात पुणे किंवा मुंबई असेल तर हे कलम शोधूनच काढा. खोटा पत्ता देऊन हप्ता वाचवू नका. तुम्ही पुण्यात नोकरीला आणि आधार पाचगावचं असं असेल, तर फॉर्मवर खरं राहतं ठिकाण लिहा.

_प्रतीक्षा काळ._ अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा अशा ठरावीक दुखण्यांना बहुधा २४ महिने. प्रसूतीला वेगळी मुदत, लग्न ठरलेल्या मुलींनी ती आधीच पाहावी.

_उपमर्यादा._ मोतीबिंदूला इतके, अमुक शस्त्रक्रियेला तितके, अशी यादी असते. हातमोज्यांसारख्या वस्तूंचे पैसे मूळ पॉलिसीत बहुधा मिळत नाहीत. थोड्या जादा हप्त्यात ते कव्हर मिळत असेल तर घ्या.

तुलनेला एक मापदंड हवा, तो 'आरोग्य संजीवनी'. १ एप्रिल २०२० पासून ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांकडे जवळपास एकाच मसुद्यात मिळते: खोलीला विम्याच्या २ टक्के पण दिवसाला कमाल ५,०००, आयसीयूला ५ टक्के पण कमाल १०,०००, आणि सरसकट ५ टक्के को-पेमेंट. कलमं सारखीच असल्यामुळे इथे दोन कंपन्यांचे हप्ते थेट ताडून बघता येतात. बजेट फारच कमी असेल तर ही पॉलिसी वाईट नाही. जी पॉलिसी हिच्यापेक्षा महाग आहे आणि तरी खोलीला हिच्यापेक्षा कमी देते, ती लगेच बाजूला ठेवा.

टप्पा ६: आता हप्ता विचारा

तोवर यादीत दोन-तीन पॉलिसीच उरतील. त्यांचेच दर काढा, एजंटकडूनही आणि कंपनीच्या संकेतस्थळावरूनही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पूर्वी १८ टक्के होता. कुणी दरपत्रकात कर जोडून दाखवला तर हिशेब परत मागा. आजचाच नव्हे, तर ४५, ५५ आणि ६५ व्या वर्षीचा हप्ता किती, तेही विचारा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि पाच वर्षांनी न झेपणारी पॉलिसी मध्येच सोडावी लागते, आणि ती ज्या वयात सोडावी लागते त्याच वयात तिची गरज असते.

हप्ता रोख देऊ नका. हप्त्यावरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि रोखीनं भरलेल्या हप्त्यावर मिळत नाही. पैसे एजंटच्या खात्यावर नव्हे, कंपनीच्याच खात्यावर जायला हवेत.

टप्पा ७: फॉर्म स्वतः भरा

मोबाईलवर एजंट टपाटप बोटं चालवतो आणि "ओटीपी सांगा" म्हणतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. आधी भरलेला फॉर्म पूर्ण वाचून काढा. नाव आधारप्रमाणे, जन्मतारीख, राहता पत्ता आणि पिनकोड, टप्पा ३ मधले सगळे आजार, जुन्या पॉलिसी, वारस. आजारांच्या रकान्यात 'नाही' आपोआप पडलेलं असतं, तिथे विशेष लक्ष द्या. कंपनीचा पडताळणीचा फोन आला तर घाईत "हो हो" म्हणू नका. ते बोलणं रेकॉर्ड होतं.

टप्पा ८: पॉलिसी आल्यावर पहिले ३० दिवस

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत न पटल्यास परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. म्हणून पीडीएफ आल्या दिवशीच उघडा. सोबत तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रत असते, आजार तसेच लिहिलेत का ते बघा. चुकलं असेल तर लगेच ईमेलनं दुरुस्ती मागा, फोनवर नको. खोलीभाडं, को-पेमेंट, झोन आणि प्रतीक्षा या चार गोष्टी एजंटनं सांगितल्याप्रमाणे आहेत का तेही ताडून बघा.

पॉलिसी क्रमांक, कार्ड आणि कंपनीचा टोल फ्री क्रमांक घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाईलवर ठेवा. ॲडमिट होणारा माणूस स्वतः फोन करण्याच्या स्थितीत नसतो.

टप्पा ९: नूतनीकरण, बदल आणि तक्रार

मुदत संपल्यावर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. वार्षिक हप्ता थकला तर त्या सवलतीच्या दिवसांतलं आजारपण कव्हरमध्ये धरलं जात नाही, म्हणून मुदतीआधीच भरा. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. झालेली प्रतीक्षा नव्या कंपनीत मोजली जाते, पण जुन्या विम्याच्या रकमेपुरतीच. नवी पॉलिसी लेखी मंजूर होईपर्यंत जुनी बंद करू नका.

कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयानं जादा आकारणी केली तर ती कंपनीनं सोसायची. विनंती पाठवल्याची वेळ काउंटरवरून लिहून घ्या.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नाकारला ते त्यात असायला हवं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, किंवा १५५२५५ वर फोन करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे. सोबत पॉलिसी, भरलेला फॉर्म, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीला पाठवलेल्या तक्रारीची पोच जोडा.